व्यसनमुक्ती केंद्राला मेथाडोन द्यायचे आहे? आधी केंद्राची मान्यता पाहा

ब्राउन शुगर किंवा हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाला डॉक्टर मेथाडोन देतात. हे अफूवर्गातलेच औषध आहे. त्यामुळे केंद्राचे डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून चिठ्ठी आली की बाटली पाठवली, असे कोणत्याही फार्मासिस्टने करू नये. हेतू चांगला असला तरी कागद नसेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.

पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते आणि एका औषधासाठी अनेक परवाने लागायचे. या कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक मादक औषधे' हा गट तयार झाला. मॉर्फिन, फेंटॅनिल, कोडीन यांच्याबरोबर मेथाडोनही त्यात आहे. २०१५ पासून या गटाला केंद्र सरकारचे एकसारखे नियम लागू आहेत. रुग्णांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे.

मान्यता केंद्राला मिळते. केंद्राने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून नमुना ३-एफ मध्ये राज्याच्या औषध नियंत्रकाकडे अर्ज करायचा. आपल्याकडे महाराष्ट्रात हे काम एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन पाहते. अर्ज भरण्यापूर्वी कोल्हापूरच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयात एकदा विचारून घ्यावे. अर्जात संस्थेचा पत्ता, प्रमुखाचे नाव, डॉक्टर व कर्मचारी संख्या, मागच्या वर्षातले रुग्ण आणि औषध लिहून देणारे डॉक्टर ही माहिती द्यावी लागते. त्या डॉक्टरांचे प्रशिक्षण झालेले असणे महत्त्वाचे. रुग्ण मुक्कामी ठेवणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालची नोंदणीही लागते, कारण दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित विकार त्या कायद्यात मानसिक आजारात धरले आहेत.

आता दुकानदाराची बाजू. रुग्णालयाला किंवा वैद्यकीय संस्थेला केलेली विक्री औषध नियमांत घाऊक विक्री धरली जाते. म्हणून फक्त किरकोळ परवान्यावर (नमुना २० आणि २१) केंद्राला माल देता येत नाही, २०-बी आणि २१-बी हे घाऊक परवाने लागतात. मेथाडोनसाठी त्यावर मादक औषधाचा वेगळा परवाना लागतो. फार्मासिस्टची राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू हवी, हे वेगळे सांगायला नको.

सगळ्यात जास्त चुका वाहतुकीत होऊ शकतात. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून इचलकरंजीला माल जात असला तरी सोबत ठरलेल्या नमुन्यातली पाठवणी चिठ्ठी हवी. कोणी, कोणाला, किती आणि कोणत्या बॅचचा माल पाठवला, हे तिच्यावर स्पष्ट असावे. केंद्राने मोजून घ्यावे, मिळालेले प्रमाण लिहून सही करावी आणि आपल्याकडे त्याची प्रत परत यावी. डिलिव्हरीच्या पोराच्या हातात नुसते बिल देऊन पाठवू नका. केंद्राची मान्यता चालू आहे का, हे प्रत्येक पुरवठ्याआधी तपासा आणि तिची प्रत फाइलला लावा. नोंदवह्या किमान दोन वर्षे जपून ठेवा.

एवढी कडक शिस्त का, तर मेथाडोन शरीरात दिवसभराहून जास्त काळ राहते. पहिल्या दिवसांत डोस थोडा चुकला तरी औषध साठत जाते आणि श्वास मंदावतो. म्हणूनच केंद्रात सिरप कर्मचाऱ्यासमोर प्यायला देतात. घरी न्यायची मुभा द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात, दुकानदार नाही.

व्यसनमुक्तीसाठीच दिल्या जाणाऱ्या बुप्रेनॉर्फिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. कायद्याने ते मादक औषधात नाही, तर मनोप्रभावी द्रव्य (सायकोट्रॉपिक) या वेगळ्या गटात येते. त्याची पाठवणी चिठ्ठी नमुना ६ मध्ये तीन प्रतींत करायची असते. या गोळ्या व्यसनमुक्ती केंद्रांनाच पुरवायच्या आहेत, काउंटरवर विकायच्या नाहीत.

कोल्हापूरहून निपाणी तासाभरात गाठता येते, पण कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. तिथल्या केंद्राची मान्यता त्या राज्याचा औषध नियंत्रक देतो. महाराष्ट्रातल्या केंद्राचे पत्र दाखवून तिथल्या शाखेला माल पाठवू नका.