राष्ट्रीय सीमा : ख्रिस्ती दृष्टिकोन

राष्ट्रांमधील सीमारेषा, तिच्यावरील राज्यसंस्थेचा अधिकार आणि ती ओलांडून येणाऱ्या परक्या माणसाचा हक्क यांविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथ, धर्मचिंतन आणि चर्चचा व्यवहार यांतून घडत आलेली विचारपरंपरा. कोणी कोणाची काळजी वाहायची याची विभागणी म्हणून सीमा पाळावी. मात्र ती काळाच्या ओघात माणसांनी आखलेली असल्याने बदलू शकते आणि दारात आलेल्या गांजलेल्या माणसाला परत धाडण्यास केवळ तिचा आधार पुरत नाही, असे या परंपरेचे सार सांगता येईल. या सूत्रातील दोन्ही अंगांचा मेळ मात्र चर्चला प्रत्येक काळात सारखा साधलेला नाही.

बायबलच्या जुन्या करारात सीमेचा विचार शेताच्या बांधापासून सुरू होतो. शेजाऱ्याची पूर्वापार हद्द सरकवू नये, अशी आज्ञा अनुवाद या ग्रंथात आहे आणि हद्दीची खूण हलवणाऱ्याला तेथे शापही दिलेला आहे. बांध कोरण्याचे दुःख ज्यांना माहीत आहे अशा शेतकरी समाजाला या आज्ञेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही: हद्द ही दुर्बळाच्या वाट्याचे रक्षण करते. त्याच ग्रंथात परात्पर देवाने लोकांच्या सीमा ठरवल्याचा उल्लेख येतो आणि प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात संत पौल अथेन्समध्ये बोलताना तोच विचार पुढे नेतो. देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली व त्यांच्या वस्तीच्या सीमा नेमल्या, असे तो म्हणतो. सीमांचे समर्थन करणारे बहुधा या वाक्याचा उत्तरार्ध उचलतात, परंतु सर्व माणसांचे मूळ एक हे त्याचे पूर्वपद आहे आणि ते सोडून उत्तरार्ध वाचता येत नाही.

दुसरीकडे, आपल्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. मवाबी लोकांना इस्राएलच्या मंडळीत घेऊ नये असा नियम असतानाही मवाबी रूथ बेथलेहेमात आली, तिथली झाली आणि दावीद राजाची पणजी ठरली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. त्याच शुभवर्तमानानुसार हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ यांनी मिसरात आश्रय घेतला. पुढे अंतिम न्यायाच्या प्रसंगी ख्रिस्त ‘मी परका होतो’ या शब्दांत स्वतःची ओळख देतो, त्यामुळे परक्याचे स्वागत हा औदार्याचा भाग न राहता न्यायाचा निकष बनतो.

आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःला या जगात उपरे मानत. धर्मग्रामासाठी, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीसाठी, इंग्रजीतून मराठीत आलेला ‘पॅरिश’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापर्यंत पोहोचतो, त्याचा मूळ अर्थ परक्या गावी बिऱ्हाड करून राहणे असा आहे. बिऱ्हाडकरूंच्या या समूहाचे पुढे ठरलेल्या हद्दीचे धर्मग्राम व्हावे, ही या इतिहासातील लक्षणीय घडामोड होय. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी लिहिले, की शेजारी न्यायाने वागले असते तर सर्व राज्ये लहान राहिली असती आणि एका नगरातील घरांसारखी शेजारधर्माने नांदली असती. सीमा विस्तारणे हे त्यांच्या लेखी वैभवाचे लक्षण नव्हते.

या शिकवणीशी चर्चने प्रतारणाही केली. १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिकमधील रेषेपलीकडचे नवे प्रदेश स्पेनला बहाल केले आणि १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी ती रेषा पश्चिमेकडे सरकवली. त्या भूमीवर राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. या व्यवहाराला आव्हानही चर्चच्या आतूनच मिळाले. १५३९ मध्ये स्पेनमधील सालामांका येथील डॉमिनिकन संघाचे धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी पोपला जगाचे ऐहिक स्वामित्व नाही, असे प्रतिपादन केले. इजा न करता परक्या देशात प्रवास करण्याचा व राहण्याचा माणसाचा नैसर्गिक हक्कही त्यांनी मांडला, मात्र हाच हक्क स्पॅनिश आक्रमकांच्याही उपयोगी पडू शकत होता. ऑर्थोडॉक्स परंपरेत राष्ट्रागणिक चर्च रूढ असले, तरी वंशाच्या आधारे चर्चची विभागणी करणे हे पाखंड असल्याचा निर्णय १८७२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने दिला.

सीमा बदलल्यावर चर्चने काय करावे, या प्रश्नाची कसोटी ओडर–नाइसे रेषेवर, म्हणजे जर्मनी व पोलंड यांच्यामधील त्या नावांच्या नद्यांवरून जाणाऱ्या सीमेवर लागली. १९४५ नंतर या रेषेच्या पूर्वेचा जर्मन प्रदेश पोलंडकडे गेला आणि तिथल्या लक्षावधी जर्मनांना घरदार सोडावे लागले. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चने एक निवेदन काढून या हानीबरोबरच पोलिश जनतेच्या हक्काचाही विचार करण्यास आपल्या देशबांधवांना सांगितले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून ‘आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो’ असे म्हटले. नाझी अत्याचार भोगलेल्या राष्ट्राने क्षमा मागावी हे अनेकांना रुचले नाही आणि पोलंडच्या साम्यवादी सरकारने बिशपांवर कडक टीका केली. रोमने मात्र सीमेचा करार होईपर्यंत त्या प्रदेशातील धर्मप्रांतांची कायम पुनर्रचना केली नाही. पश्चिम जर्मनीने कराराला मान्यता दिल्यानंतर जून १९७२ मध्ये ती झाली.

भारतीय उपखंडात चर्चच्या आणि राज्याच्या हद्दी बराच काळ जुळत नव्हत्या. गोव्याच्या महाधर्मप्रांतात पोर्तुगीज हद्दीबाहेरचा बेळगावकडील मुलूख होता, त्यामुळे तिथले कॅथलिक एका राज्याचे प्रजाजन आणि दुसऱ्या राज्यातील आर्चबिशपांच्या अधिकाराखाली असत. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या राजकीय सीमेमुळे ही विभागणी निकडीची ठरली, ती सीमा १९६१ मध्ये उरलीच नाही. अँग्लिकन पंथीयांची भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन मिळून असलेली एकच मंडळी तर फाळणीनंतरही १९७० पर्यंत टिकली.

स्थलांतराविषयी कॅथलिक चर्चची भूमिका १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्या परिपत्रात स्पष्ट झाली: योग्य कारण असताना दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचा माणसाला हक्क आहे. संपन्न राष्ट्रांनी शक्य तितक्या प्रमाणात परक्यांना सामावून घ्यावे, शासनाला त्यासाठी अटी घालता येतील आणि आलेल्यांनी त्या देशाचे कायदे पाळावेत, असे चर्चची अधिकृत धर्मशिकवण सांगते. ‘शक्य तितक्या’ या शब्दांवरच आजचा बहुतेक वाद उभा आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील टूसॉन येथील एका प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतून आलेल्या निर्वासितांना उघडपणे आसरा दिला आणि असा आसरा देण्याच्या चळवळीतील काही जणांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. नेदरलँड्समध्ये हेग येथील एका चर्चने एका आर्मेनियन कुटुंबाची हद्दपारी टाळण्यासाठी ऑक्टोबर २०१८ पासून ९६ दिवस अखंड उपासना चालवली, कारण उपासना सुरू असताना पोलिसांना तेथे प्रवेश करता येत नाही, असा तिथला कायदा आहे.

सीमा राखून वैर संपवण्याचे ठळक उदाहरण अँडीज पर्वतात आढळते. अर्जेंटिना आणि चिली यांच्यातील सीमावाद लवादाने मिटल्यावर बिशप मार्कोलिनो बेनाव्हेंते यांच्या पुढाकाराने ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा सरहद्दीवरील सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या खिंडीत उभारण्यात आला. १३ मार्च १९०४ रोजी दोन्ही देशांच्या सैनिकांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. तरीही डिसेंबर १९७८ मध्ये बीगल जलमार्गातील पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा या बेटांवरून हीच दोन कॅथलिक राष्ट्रे युद्धाच्या तोंडाशी आली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना मध्यस्थीसाठी धाडले आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये तह होऊन बेटे चिलीकडे राहिली. सामोरे त्याआधीच, १९८३ मध्ये, निवर्तले होते. दोन्ही देशांना जोडणाऱ्या दक्षिणेकडील एका खिंडीला आता त्यांचे नाव आहे.