निकाल पचवण्याची किंमत : अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांची पार्श्वभूमी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा अटीतटीचा निकाल लागला, की पराभूत बाजूच्या कोट्यवधी मतदारांनी तो मान्य कसा करायचा, हा प्रश्न २०१६ पासून दर चार वर्षांनी नव्याने विचारला जातो. तो विचारताना पूर्वी सगळे सुरळीत होते, हरणारा सभ्यपणे बाजूला होत असे आणि त्याचे मतदार दुसऱ्या दिवशी कामाला लागत, असे गृहीत धरले जाते. इतिहास पाहिला तर हे चित्र फारसे टिकत नाही. अनेकदा निकाल मान्य झाला तो दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी काही देवघेव केल्यामुळे, आणि त्या देवघेवीत ज्यांचे हक्क गेले ते मतदार चर्चेच्या खोलीत नव्हते. ही बाजू वगळून अमेरिकी लोकशाहीतील समेटाची परंपरा सांगता येणार नाही.

आधी तिथली व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. भारतात संपूर्ण देशाच्या निवडणुकीला एक निवडणूक आयोग असतो आणि त्याच्या अधिकाऱ्याने जाहीर केलेला निकाल हा निकाल असतो. अमेरिकेत मतदान घेणे, मते मोजणे आणि निकाल प्रमाणित करणे हे राज्यांचे काम आहे, आणि राज्यांच्या आत ते काउंटी नावाच्या जिल्हावजा घटकांकडे असते. नोव्हेंबरमध्ये मतदार ज्यांना निवडतात ते तांत्रिकदृष्ट्या निर्वाचक असतात. हे निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात मत देतात आणि ती मते ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त बैठकीत मोजली जातात. बैठकीच्या अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतात, आणि कधी कधी तेच निवडणुकीतले पराभूत उमेदवारही असतात. आज ५३८ पैकी २७० निर्वाचक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष होतो. देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते मिळूनही उमेदवार निवडून येण्याचा प्रकार १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ असा पाच वेळा घडला. मतदान आणि शपथविधी यांच्या मधल्या आठवड्यांत प्रत्येक टप्प्यावर वाद उभा राहू शकतो.

पहिली कसोटी १८०० ची होती. विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स हरले, पण थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ निर्वाचक मते पडल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाकडे, गेला, आणि १८०१ च्या फेब्रुवारीत ३६ व्या फेरीत जेफरसन निवडून आले. अॅडम्स शपथविधीला थांबले नाहीत; त्या दिवशी उजाडण्यापूर्वीच त्यांनी राजधानी सोडली. तरीही सत्ता हातातून गेली म्हणून कोणी शस्त्र उचलले नाही, हे त्या काळी जगाला नवीन होते. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक मते मिळाली, पण स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हते. प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी अॅडम्स यांना निवडले, आणि त्यांना पाठिंबा देणारे हेन्री क्ले लगेच परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सन यांच्या समर्थकांनी हा भ्रष्ट सौदा ठरवला, चार वर्षे तोच प्रचार केला आणि १८२८ मध्ये मतपेटीतून त्याची परतफेड केली. पराभवाचा राग पुढच्या निवडणुकीच्या तयारीत वळवणे, हा मार्ग तिथे रुळला.

१८६० मध्ये मात्र तो मार्ग नाकारला गेला. अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले, आणि दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाला मत देण्याची सोयच नव्हती. त्या काळी नवा राष्ट्राध्यक्ष ४ मार्चला शपथ घेत असे. त्या चार महिन्यांत दक्षिण कॅरोलायनापासून सुरुवात होऊन सात राज्ये संघराज्यातून बाहेर पडली. निकालावर कसलाही वाद नव्हता. हरलेल्यांना तो नको होता, कारण त्यात गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा माणूस जिंकला होता. पुढची चार वर्षे यादवी युद्धात गेली.

या युद्धाचे पडसाद पुण्यापर्यंत आले होते. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले, आणि आपले देशबांधवही शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा व्यक्त केली. फुल्यांची ही कृतज्ञता खरी होती आणि तिला आधारही होता : १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली होती आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय पुरुष मोठ्या संख्येने मतदान करू लागले होते. परंतु त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे, राज्यातील निवडणुकीच्या वादग्रस्त निकालातून, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीय नागरिकांची कत्तल केली. बळींची संख्या निश्चित झाली नाही. सर्वात कमी अंदाजही साठच्या वर आहे. दोषी ठरलेल्या मोजक्या आरोपींची शिक्षा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गुलामगिरी संपल्यानंतरचा झगडा आता मतपेटीभोवती सुरू झाला होता, आणि १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक त्याच झगड्याच्या ऐन मध्यावर आली.

त्या निवडणुकीत सुमारे ८२ टक्के मतदान झाले. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन यांना रिपब्लिकन रदरफोर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख मते जास्त मिळाली आणि निर्वाचक मते १८४ झाली. बहुमताला १८५ हवी होती. हेज यांच्याकडे १६५ होती. फ्लोरिडा, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना या तीन राज्यांची १९ आणि ओरेगॉनमधील एक अशी २० मते वादात अडकली. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना केंद्रापर्यंत पोहोचू न देण्यासाठी उघड हिंसा झाली होती. दक्षिण कॅरोलायनातील हॅम्बर्गमध्ये निवडणुकीच्या काही महिने आधी झालेल्या हत्या हा त्याचाच भाग. दुसरीकडे, या राज्यांतील मतमोजणी मंडळे रिपब्लिकनांच्या ताब्यात होती आणि त्यांनी डेमोक्रॅटिक मते मोठ्या प्रमाणावर बाद केली. मोकळे मतदान झाले असते तर ही राज्ये कोणाकडे गेली असती, याचे खात्रीचे उत्तर आजही देता येत नाही, आणि म्हणून ‘टिल्डनचे अध्यक्षपद चोरले’ हे सरधोपट विधानही मला मान्य होत नाही. ज्या मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवले त्यांची मते त्या हिशेबात धरलेलीच नसतात.

राज्यांकडून निकालांचे दोन-दोन संच आले आणि त्यांतला खरा कोणता हे कोणी ठरवायचे, यावर राज्यघटना मौन होती. ‘टिल्डन, नाहीतर रक्त’ अशा घोषणा निघत होत्या. अखेर १८७७ च्या जानेवारीत काँग्रेसने पाच सिनेटर (वरिष्ठ सभागृहाचे सदस्य), पाच प्रतिनिधी आणि पाच न्यायाधीश असा पंधरा जणांचा आयोग नेमला. पंधरावे न्यायाधीश म्हणून डेव्हिड डेव्हिस येतील, आणि ते कोणत्याही पक्षाचे नाहीत, असा सर्वांचा हिशेब होता. पण त्याच सुमारास इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडले आणि त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले. प्रत्येक वादग्रस्त राज्याचा निर्णय आठ विरुद्ध सात मतांनी हेज यांच्या बाजूने लागला. डेमोक्रॅटिक प्रतिनिधींनी कामकाज रोखून धरण्याचा प्रयत्न केला, तो २ मार्चच्या पहाटे संपला आणि हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने विजयी घोषित झाले. ४ मार्चला रविवार होता, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये खाजगीत शपथ घेतली आणि ५ मार्चला ती जाहीरपणे पुन्हा घेतली.

या पहाटेपूर्वी वॉशिंग्टनमधील वर्मलीज हॉटेलात दोन्ही पक्षांचे लोक भेटले होते. हॉटेलचे मालक जेम्स वर्मली हे स्वतः कृष्णवर्णीय होते, पण तिथल्या बोलण्यात त्यांच्या समाजाचे प्रतिनिधित्व नव्हते. नेमका किती सौदा तिथे झाला आणि किती आधीच ठरले होते, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि उत्तरेतील जनमतही तोवर दक्षिणेत सैन्य ठेवण्यास कंटाळले होते हे खरे. घडले ते मात्र स्पष्ट आहे. एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियाना येथील रिपब्लिकन सरकारांना संरक्षण देणारे संघराज्याचे सैनिक हेज यांनी मागे घेतले, ती सरकारे कोसळली आणि दक्षिणेची सत्ता गोऱ्यांच्या वर्चस्वाला वाहिलेल्या तेव्हाच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. देशात शांतता झाली, वर्तमानपत्रांनी समेटाचे कौतुक केले. पुढच्या काही दशकांत मतदान कर, साक्षरतेच्या चाचण्या आणि उघड दहशत यांनी पंधरावी घटनादुरुस्ती कागदावरच ठेवली. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ पर्यंत ती सुमारे १३०० वर आली. तो मताधिकार पुन्हा खऱ्या अर्थाने मिळण्यासाठी १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे गेली. टिल्डन यांच्या मतदारांनी निकाल पचवला असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत या लोकांनी चुकवली होती हे सांगितलेच पाहिजे.

त्या प्रसंगातून कायद्यापुरता धडा घ्यायला दहा वर्षे लागली. १८८७ च्या निर्वाचक मतमोजणी कायद्याने राज्यांच्या निकालांवर आक्षेप कसा घ्यायचा याची पद्धत घातली, पण तिची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की तिचा अर्थ लावणे पुढे जिकिरीचे झाले. पराभव जाहीरपणे मान्य करण्याची रीत मात्र कोणत्याही कायद्यात नाही. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्स ब्रायन यांनी विल्यम मॅकिन्ली यांना अभिनंदनाची तार केली, तिथून ती सुरू झाली असे मानले जाते. रेडिओ आणि दूरचित्रवाणी आल्यावर तारेचे भाषण झाले. हे भाषण मुख्यतः हरलेल्या उमेदवाराच्या मतदारांसाठी असते. ज्याच्यासाठी त्यांनी रांगा लावल्या, तोच ‘आता थांबा’ म्हणतो, तेव्हा ते वजन कोणत्याही न्यायालयाच्या निकालाला येत नाही.

१९६० मध्ये रिचर्ड निक्सन जॉन केनेडी यांच्याकडून देशभरातील पावणेसात कोटींहून अधिक मतांपैकी जेमतेम एक लाखाच्या आसपासच्या फरकाने हरले. इलिनॉय आणि टेक्सासमध्ये गैरप्रकार झाल्याचा त्यांच्या पक्षाचा आरोप होता आणि पक्षाने काही ठिकाणी फेरमोजणीचा पाठपुरावाही केला. तरी ६ जानेवारी १९६१ रोजी उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निक्सन यांनीच आपला पराभव घोषित केला.

२००० मध्ये वाद फ्लोरिडात ५३७ मतांवर येऊन थांबला. पाम बीच काउंटीतील गोंधळात टाकणारी मतपत्रिका, अर्धवट टोचलेली भोके, हाताने मोजणी करणारे कर्मचारी हे सगळे पाच आठवडे जगाने पाहिले. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश यांचा विजय कायम झाला. देशभरात पाच लाखांहून अधिक मतांची आघाडी असलेल्या उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, की न्यायालयाशी आपण तीव्र असहमत आहोत, पण निकाल स्वीकारतो. या भाषणाची आजही उदाहरण म्हणून आठवण काढली जाते आणि ती योग्यच आहे. त्यानंतर जे घडले ते मात्र क्वचित सांगितले जाते. ६ जानेवारी २००१ रोजी कृष्णवर्णीय प्रतिनिधी एकामागून एक उभे राहून फ्लोरिडाच्या मतांवर आक्षेप घेत होते, एकाही सिनेटरची सही नसल्याने तो दाखल होऊ शकत नव्हता, आणि अध्यक्षस्थानी बसलेले गोर नियमाप्रमाणे त्यांना खाली बसवत होते. त्या वर्षी नागरी हक्क आयोगाने नोंदवले, की फ्लोरिडात कृष्णवर्णीय मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहा पट होती. देशाने निकाल मान्य केला तेव्हाही, पुन्हा एकदा, ज्यांची मते मोजली गेली नाहीत त्यांची तक्रार ऐकायला सभागृहात वेळ नव्हता.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, तरी मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील एकूण सुमारे ७७ हजार मतांनी त्या हरल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला आणि डोनाल्ड ट्रम्प यांना संधी द्यावी असे समर्थकांना सांगितले. पण अनेकांनी ते मनाने स्वीकारले नाही; शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी स्त्रियांचे प्रचंड मोर्चे निघाले. यात मला गैर काही दिसत नाही. निकाल मान्य करणे म्हणजे विजेत्याच्या धोरणांशी सहमत होणे नव्हे.

२०२० मध्ये उलटे झाले. जो बायडेन ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचक मतांनी आणि सत्तर लाखांच्या आघाडीने जिंकले, पण ट्रम्प यांनी ते मान्य केले नाही. साठहून अधिक खटले न्यायालयांत टिकले नाहीत, जॉर्जियात मते हाताने पुन्हा मोजली गेली, तरी जनमत चाचण्यांत रिपब्लिकन मतदारांपैकी बहुसंख्य लोक बायडेन यांची निवड वैध नसल्याचे सांगत राहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने काँग्रेसच्या इमारतीवर हल्ला करून मोजणी काही तास थांबवली. ज्या मतांवर संशय घेतला गेला त्यांत डेट्रॉइट, फिलाडेल्फिया आणि अटलांटा या मोठ्या कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या शहरांची मते ठळकपणे होती. १८७६ चा वाद ज्यांना आठवतो त्यांना याचे आश्चर्य वाटले नसेल.

डिसेंबर २०२२ मध्ये १८८७ च्या कायद्यात सुधारणा झाली. उपराष्ट्राध्यक्षांचे काम केवळ औपचारिक आहे हे आता स्पष्ट लिहिले आहे, आणि आक्षेपासाठी दोन्ही सभागृहांतील किमान एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. पूर्वी प्रत्येकी एक पुरे होती. पण त्याच वर्षी वाद खाली सरकला होता. न्यू मेक्सिकोतील ओटेरो आणि अॅरिझोनातील कोचीस या काउंटींच्या मंडळांनी स्थानिक पातळीवर निकाल प्रमाणित करण्याचेच टाळले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ते काम झाले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी दुसऱ्या दिवशी पराभव मान्य केला आणि ६ जानेवारी २०२५ रोजी स्वतः अध्यक्षस्थानावरून ट्रम्प यांचा ३१२ विरुद्ध २२६ असा विजय घोषित केला. दोन आठवड्यांनी ट्रम्प यांनी २०२१ च्या हल्ल्याशी संबंधित सुमारे १५०० जणांना माफी दिली, तर काहींच्या शिक्षा कमी केल्या. जानेवारी २०२५ ची मोजणी शांतपणे पार पडली यात नव्या कायद्याचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे, कारण २०२० चा निकाल नाकारणारी बाजूच या वेळी जिंकली होती. ती बाजू हरल्यावर काउंटींची मंडळे, राज्यांचे अधिकारी आणि काँग्रेस काय करतील, याची परीक्षा अजून झालेली नाही.