विक थॉर्प: रिचमंडचा फुल-बॅक

बॉक्सिंग डे कसोटीमुळे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्या ओळखीचं. त्याच मैदानावर १९२० साली मेलबर्नच्याच रिचमंड क्लबने शेजारच्या कॉलिंगवूडला ५२-३५ असं हरवून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं. कॉलिंगवूडला जेमतेम ५ गोल करता आले. रिचमंडच्या गोलखांबांपुढे विक थॉर्प होता.

हा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स; त्यात गोलरक्षक नसतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. अंडाकृती मैदान, एकेका बाजूला १८ जण. मधल्या दोन खांबांतून मारलेल्या गोलाला ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेलेल्या 'बिहाइंड'ला १. प्रतिस्पर्ध्याच्या फुल-फॉरवर्डला, म्हणजे गोलजवळच्या मुख्य आक्रमकाला, सावलीसारखं चिकटून राहायचं ते फुल-बॅकने. बिहाइंड झाला की चेंडू लाथेने पुन्हा खेळात आणायचा, तोही बहुधा त्यानेच. म्हणजे बचावातला शेवटचा माणूस आणि चढाईतला पहिलाही.

थॉर्प १९१० मध्ये आला तेव्हा रिचमंडला लीगमध्ये प्रवेश मिळून दोनच वर्षं झाली होती. शेजारच्याच कामगारवस्तीतल्या कॉलिंगवूडकडे मात्र डिक ली होता: कारकिर्दीत २३० सामने, ७०७ गोल! या फुल-फॉरवर्डला आवरायचं काम वर्षानुवर्षं थॉर्पकडे. लीचे गोल मोजलेले आहेत. थॉर्पने अडवलेले कुणी मोजले? बचावपटूचा इतिहास लिहिताना अडचण होते ती इथेच.

पहिल्या महायुद्धात लीग पार रोडावली. १९१६ मध्ये चारच संघ उरले, त्यांत रिचमंड होता. (त्या वर्षी तळाला राहिलेला फिट्झरॉयच शेवटी विजेता ठरला, कारण चारही संघ बाद फेरीत!) १९१९ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने रिचमंडला ७८-५३ ने नमवलं. पुढच्या वर्षी कॉलिंगवूडचाच माजी कर्णधार डॅन मिनोग रिचमंडचा कर्णधार-प्रशिक्षक झाला. जुन्या क्लबात त्याची तसबीर म्हणे भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली. मग १९२० चं ते उट्टं, आणि १९२१ मध्ये कार्लटनवर ३६-३२ असा निसटता विजय. दोन्ही संघांत थॉर्प होता.

१९२५ मध्ये तो थांबला, २६३ सामने खेळून. १९४१ मध्ये त्याचं निधन झालं. १९९८ मध्ये रिचमंडने शतकातला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा फुल-बॅकच्या जागी नाव आलं ते थॉर्पचंच.