गाओकाओमधील इंग्रजी श्रवण व वाचन परीक्षा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

चीनमध्ये उच्च माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना जी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती ‘गाओकाओ’ या नावाने ओळखली जाते. ही परीक्षा दरवर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख २० हजार, तर २०२५ मध्ये १ कोटी ३३ लाख ५० हजार विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. एकूण ७५० गुणांपैकी चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा या तीन विषयांना प्रत्येकी १५० गुण असतात. परकीय भाषा म्हणून इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश यांपैकी एक घेता येते. बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. इंग्रजीला हे वजन सुरुवातीपासून नव्हते. १९७७ मध्ये ही परीक्षा पुन्हा सुरू झाल्यानंतर १९७८ साली इंग्रजीचे गुण केवळ संदर्भापुरते पाहिले जात, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढत १९८३ पासून पूर्ण धरले जाऊ लागले.

अर्ज करणाऱ्याने एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. वाचनाची परीक्षा देशभर जवळपास एकाच धाटणीची असली, तरी श्रवणाची परीक्षा केव्हा होणार, ध्वनिक्षेपकावर होणार की संगणकावर, तिला किती गुण असणार आणि ती एकदा देता येणार की दोनदा, हे विद्यार्थी ज्या प्रांतातून अर्ज करतो त्यावर ठरते. त्यामुळे पात्रतेचा, कागदपत्रांचा आणि तयारीचा विचार ‘कोणता प्रांत?’ या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

प्रश्नपत्रिकेत काय विचारले जाते

शिक्षण मंत्रालयाच्या परीक्षा संस्थेने काढलेली आणि बऱ्याच प्रांतांत वापरली जाणारी पत्रिका १२० मिनिटांची असते. तिच्यात श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषेच्या उपयोजनाला ३० आणि लेखनाला ४० गुण असतात. म्हणजे १५० पैकी ८० गुण ऐकून आणि वाचून समजण्याचे आहेत.

श्रवणाचा भाग साधारण वीस मिनिटांचा असून त्यात प्रत्येकी दीड गुणाचे २० प्रश्न येतात. पहिल्या विभागात पाच छोटे संवाद असतात, प्रत्येक संवादावर एकच प्रश्न असतो आणि संवाद फक्त एकदाच ऐकवला जातो. उत्तर देण्यासाठी आणि पुढचा प्रश्न वाचण्यासाठी मिळून दहा सेकंद मिळतात. दुसऱ्या विभागातील पाच संवाद किंवा भाषणे मात्र दोनदा ऐकवली जातात. त्यांवर १५ प्रश्न असतात, आणि ऐकण्यापूर्वी व ऐकल्यानंतर प्रत्येक प्रश्नामागे पाच-पाच सेकंद दिले जातात. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय असतात. पत्रिकेच्या आरंभी दिलेले नमुन्याचे उदाहरण चीनमधील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते : ‘शर्टाची किंमत किती?’ असा प्रश्न, १९.१५, ९.१८ आणि ९.१५ पौंड असे तीन पर्याय, आणि तिसरा पर्याय बरोबर. उदाहरण साधे दिसते, पण या विभागाचा कस कशात आहे ते त्यातून नेमके कळते, कारण अवघड शब्द त्यात एकही नाही आणि चूक होते ती ‘एकोणीस’ आणि ‘नऊ’ यांच्या उच्चारातला फरक क्षणभर निसटल्यामुळे. उत्तरे आधी प्रश्नपत्रिकेवर खुणावायची असतात आणि ध्वनिमुद्रण संपल्यावर ती उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी दोन मिनिटे दिली जातात.

वाचनाच्या पहिल्या विभागात चार उतारे आणि त्यांवर प्रत्येकी अडीच गुणांचे १५ बहुपर्यायी प्रश्न असतात. पहिला उतारा सहसा व्यवहारातला असतो, म्हणजे सूचना, माहितीपत्रक, कार्यक्रमाचे वेळापत्रक अशा स्वरूपाचा. पुढचे उतारे अधिक लांब आणि अधिक युक्तिवादाचे होत जातात. दुसऱ्या विभागात एकाच उताऱ्यात पाच जागा मोकळ्या ठेवून सात वाक्ये दिलेली असतात. त्यांतून योग्य पाच निवडायची असतात आणि दोन वाक्ये केवळ फसवण्यासाठी असतात. या विभागाचे गुण साडेबारा असले तरी एक वाक्य चुकले की त्याच्या जागी बसणारे दुसरेही हातचे जाते, म्हणून इथले नुकसान बहुधा जोडीने होते.

प्रांतागणिक फरक

बीजिंगमध्ये श्रवण व संभाषण यांची परीक्षा संगणकावर, ५० गुणांची आणि जूनच्या मुख्य परीक्षेच्या कितीतरी आधी होते. ती डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये अशी दोनदा देता येते आणि दोहोंतील जास्त गुण धरले जातात. जूनमध्ये उरते ती १०० गुणांची, ९० मिनिटांची लेखी परीक्षा. ग्वांगदोंगमध्ये श्रवण-संभाषणाची संगणकीय परीक्षा २० गुणांची आणि लेखी परीक्षा १३० गुणांची आहे. शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षाच जानेवारी आणि जून अशी दोनदा होते, तिथे श्रवण लेखी परीक्षेत समाविष्ट असते आणि संभाषणाचे दहा गुण वेगळे असतात. ज्यांनी बीजिंगचे वेळापत्रक न पाहता जूनचीच तयारी चालवली असेल, त्यांचे ५० गुणांचे काम तोवर उरकून गेलेले असते.

दोन संधींची ही सोय राज्य परिषदेने, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने, सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या सुधारणांतून आली. सोय चांगली आहे, पण दोन वेगवेगळ्या पत्रिकांची काठिण्यपातळी सारखी ठेवणे सोपे नाही, हे च-च्यांग प्रांतात दिसून आले. नोव्हेंबर २०१८ ची इंग्रजी पत्रिका कठीण गेल्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांनी काही प्रश्नांचे गुण जादा वजन देऊन मोजले. त्यावरून एवढा गहजब झाला की चौकशीअंती तो निर्णय रद्द करून डिसेंबरमध्ये मूळ गुण कायम करावे लागले. दोनपैकी कोणत्या खेपेला बसावे याचा आडाखा बांधण्यापेक्षा दोन्ही वेळा बसणेच अर्जदाराच्या हिताचे आहे.

अर्ज कोण करू शकतो

उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला, त्या वर्षी पूर्ण करणारा किंवा त्या दर्जाचे समकक्ष शिक्षण असलेला, कायद्याचे पालन करणारा आणि आरोग्यविषयक अटींत बसणारा नागरिक अर्ज करू शकतो. वयाची आणि अविवाहित असण्याची अट २००१ मध्ये काढून टाकण्यात आली. याउलट, विद्यापीठात आधीच शिकत असलेले विद्यार्थी, उच्च माध्यमिकच्या खालच्या इयत्तांत शिकणारे विद्यार्थी, गैरप्रकारामुळे परीक्षेस बंदी झालेले आणि तुरुंगवासाची शिक्षा भोगत असलेले उमेदवार यांना नोंदणी करता येत नाही.

अडचण येते ती ‘हुकोउ’ म्हणजे कुटुंबनोंदणीच्या ठिकाणाची. सर्वसाधारण नियम असा की विद्यार्थ्याने जिथे त्याची कुटुंबनोंदणी आहे तिथूनच अर्ज करावा. कामासाठी दुसऱ्या प्रांतात गेलेल्या पालकांच्या मुलांना शिक्षणाच्या ठिकाणीच परीक्षा देता यावी, असे धोरण २०१२ मध्ये ठरले खरे. परंतु त्याच्या अटी ठरवण्याचे काम प्रांतांकडे सोपवले गेले आणि प्रांतांनी त्या आपापल्या सोयीने ठरवल्या. बहुतेक ठिकाणी पालकांची स्थिर नोकरी, अधिकृत निवास, सामाजिक विम्याचे हप्ते आणि मुलाचे त्या प्रांतातील सलग शिक्षण यांचे पुरावे मागितले जातात. बीजिंगमध्ये अशा मुलांना अटी पूर्ण केल्यावरही प्रामुख्याने उच्च व्यावसायिक महाविद्यालयांसाठीच अर्ज करता येतो. सोपी स्पर्धा शोधत कागदोपत्री प्रांत बदलणाऱ्यांवर कडक कारवाई होते : २०१९ मध्ये ग्वांगदोंग प्रांताने शेनजेनमधील एका खासगी शाळेतून नोंदणी केलेल्या ३२ विद्यार्थ्यांची पात्रता अशाच कारणाने रद्द केली.

चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकाला ही परीक्षा देण्यासाठी तेथील कायमस्वरूपी वास्तव्याचे ओळखपत्र लागते. साध्या नोकरीच्या किंवा कौटुंबिक व्हिसावर शांघाय किंवा यीवूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना हा मार्ग खुला नाही. त्यांनी चिनी विद्यापीठांत जायचे ठरवले, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी असलेली वेगळी प्रवेशप्रक्रिया पाहावी.

नोंदणी आणि कागदपत्रे

नोंदणी परीक्षेच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस, साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, प्रांतिक परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर होते. शाळेत शिकत असलेले विद्यार्थी शाळेमार्फत अर्ज करतात, तर पुन्हा बसणारे आणि शाळेबाहेरचे उमेदवार आपल्या जिल्ह्याच्या प्रवेश कार्यालयात जातात. अर्जातच परकीय भाषा नमूद करावी लागते, आणि ज्या प्रांतांत श्रवण किंवा संभाषणाची परीक्षा वेगळी असते तिथे तिचीही नोंदणी स्वतंत्रपणे किंवा याच अर्जासोबत करायची असते. हा रकाना घाईत सुटू देऊ नये.

लागणारी मूळ कागदपत्रे म्हणजे नागरिक ओळखपत्र, कुटुंबनोंदणीची पुस्तिका आणि शाळेतील नोंदीचा पुरावा किंवा उच्च माध्यमिकचे प्रमाणपत्र. समकक्ष शिक्षणाच्या आधारे अर्ज करणाऱ्याने त्या शिक्षणाचा दाखला द्यावा. स्थलांतरित पालकांच्या मुलांना यांखेरीज पालकांचा निवास परवाना, नोकरीचा करार आणि विम्याची नोंद जोडावी लागते. हे कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून येत असल्याने त्यांची जमवाजमव शेवटच्या आठवड्यावर ढकलणे धोक्याचे ठरते. ऑनलाइन अर्ज भरल्यानंतर कागदपत्रांची पडताळणी होते, छायाचित्र घेतले जाते, शुल्क भरले जाते आणि उमेदवाराला प्रामाणिकपणाच्या हमीपत्रावर सही करावी लागते. नाव, ओळखपत्र क्रमांक आणि निवडलेली भाषा हे तिन्ही तपशील सहीपूर्वी पुन्हा वाचावेत, कारण सही झाल्यावर दुरुस्ती फार अवघड असते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते; तिच्यात दृष्टी, रंगओळख आणि श्रवणशक्तीही पाहिली जाते.

श्रवणदोष असलेल्या उमेदवारांसाठी सवलत

श्रवणाची परीक्षा ज्यांना शारीरिक कारणाने देणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी शिक्षण मंत्रालय आणि चीन अपंग महासंघ यांनी २०१५ मध्ये तात्पुरते नियम केले आणि २०१७ मध्ये ते सुधारून कायम केले. या नियमांनुसार श्रवणदोष असलेल्या उमेदवाराला परकीय भाषेच्या श्रवण परीक्षेतून सूट मिळू शकते, तसेच श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लावून परीक्षेला बसता येते. दृष्टिदोष असलेल्यांना ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पत्रिका मिळते आणि ब्रेल पत्रिकेसाठी वेळ निम्म्याने वाढवून दिला जातो, जे वाचनाच्या लांब उताऱ्यांसाठी अत्यावश्यकच आहे.

ही सवलत आपोआप मिळत नाही. नोंदणीच्या मुदतीतच अपंगत्वाचे अधिकृत प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि कोणती सोय हवी ते स्पष्ट लिहिलेला अर्ज द्यावा लागतो. परीक्षा संस्था तज्ज्ञांकडून त्याची छाननी करून निर्णय लेखी कळवते आणि तो मान्य नसल्यास फेरविचाराची मागणी करता येते. श्रवण परीक्षेतून सूट मिळाल्यावर लेखी भागाचे गुण पूर्ण १५० च्या प्रमाणात कसे वाढवायचे, हे प्रांताच्या नियमांत दिलेले असते, तेव्हा तो परिच्छेद अर्ज करण्यापूर्वीच वाचावा. ज्याला थोडेफार ऐकू येते त्याने सूट घ्यावी की श्रवणयंत्रासह परीक्षा द्यावी, हा निर्णय सराव परीक्षेतील गुण पाहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

परीक्षेच्या दिवशी

राष्ट्रीय पत्रिकेची इंग्रजी परीक्षा ८ जूनला दुपारी ३ ते ५ या वेळेत होते. इतर विषयांना परीक्षा सुरू झाल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा आलेल्याला आत घेतात. परकीय भाषेच्या वेळी मात्र श्रवणाचे ध्वनिमुद्रण सुरुवातीलाच असल्यामुळे परीक्षेपूर्वी पंधरा मिनिटे, म्हणजे पावणेतीनला, दरवाजा बंद होतो. यात फरक तब्बल अर्ध्या तासाचा आहे, आणि आदल्या दिवशीच्या वेळेच्या भरवशावर निघालेला विद्यार्थी नेमका इथेच अडकतो. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, २बी पेन्सिल, खोडरबर आणि काळ्या शाईचे पेन सोबत ठेवावे; श्रवण व वाचनाची बहुपर्यायी उत्तरे यंत्राने तपासली जात असल्यामुळे गोल पेन्सिलीनेच रंगवावे लागतात. ध्वनिमुद्रण चालू असताना केंद्राच्या आसपास बांधकाम आणि वाहनांचे भोंगे बंद ठेवले जातात. इलेक्ट्रॉनिक उपकरण आत नेल्यास तो गैरप्रकार धरला जातो, आणि १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीनुसार संघटितपणे कॉपी करवणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

निकाल जूनच्या अखेरीस लागतो. गुणांबाबत शंका असल्यास ठरलेल्या मुदतीत पडताळणीचा अर्ज करता येतो, परंतु तीत उत्तरे पुन्हा तपासली जात नाहीत. एखादा भाग तपासायचा राहिला आहे का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते. बीजिंगसारख्या ठिकाणी श्रवण-संभाषणाचे गुण मुख्य परीक्षेच्या आधीच कळत असल्यामुळे त्यांच्या पडताळणीची मुदतही वेगळी असते, आणि ती जूनपूर्वीच संपते.