खांद्याच्या हाडांची ठेवण आणि रोटेटर कफची फाट

खवाट्याच्या हाडाचे छप्पर किती रुंद आहे आणि त्याची वाटी कोणीकडे कललेली आहे, यावर खांद्यातील कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) किती ओढ सोसावी लागते हे बऱ्याच अंशी ठरते. ही ओढ वर्षानुवर्षे जास्त राहिली, की कंडरा झिजून फाटण्याची शक्यता वाढते. हाडाचा आकार आणि फाट यांचा संबंध खरा आहे. मात्र बराच काळ तो चुकीच्या जागी शोधला गेला आणि त्यापायी पुष्कळ रुग्णांचे हाड गरज नसताना तासले गेले.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीला टेकलेला मोठा गोळा. वाटी खवाट्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर असते आणि गोळा म्हणजे दंडाच्या हाडाचे डोके. वाटी इतकी उथळ असते, की गोळा तिच्यात आपोआप टिकत नाही. त्याला जागेवर दाबून धरण्याचे मुख्य काम चार स्नायू करतात: वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिस. त्यांच्या कंडरा सदऱ्याच्या कफसारख्या गोळ्याभोवती बसतात, म्हणून त्यांना रोटेटर कफ हे नाव पडले. या कंडरांच्या वर खवाट्यातूनच पुढे आलेले हाडाचे छप्पर असते. त्याला ॲक्रोमिअन किंवा अंसकूट म्हणतात. खांद्याच्या टोकावर बोट ठेवले की जे सपाट हाड लागते ते हेच. हात वर उचलणारा जाडजूड डेल्टॉइड स्नायू या छपराच्या कडेवरून सुरू होतो. फाट बहुधा सुप्रास्पायनेटसच्या कंडरेत, ती दंडाच्या हाडाच्या उंचवट्याला चिकटते त्याच्या आसपास पडते.

जुनी उपपत्ती घासण्याची. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ साली असे मांडले, की हात वर नेताना कंडरा अंसकुटाच्या पुढच्या खालच्या कडेवर घासते. १९८३ मध्ये त्यांनी ९५ टक्के फाटी या घासण्यातूनच होतात असे म्हटले. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या खांद्यांवरून अंसकुटाचे तीन प्रकार केले: सपाट, वक्र आणि आकड्यासारखा. फाटलेल्या कफमध्ये आकडेदार प्रकार फार जास्त आढळला. तर्क सोपा होता, उपायही सोपा होता: आकडा तासून टाकायचा.

ही मांडणी तीन ठिकाणी अडते. पहिली अडचण वाचनाची. प्रकार ठरवण्यासाठी बाजूने, नळी किंचित खाली कलवून एक्स-रे काढतात. कल थोडा बदलला तरी वक्र अंसकूट आकडेदार दिसू लागते आणि एकच चित्र पाहणाऱ्या दोन तज्ज्ञांचे वारंवार एकमत होत नाही. दुसरी अडचण वयाची. आकडा पुष्कळदा जन्मजात नसतो. अंसकूट आणि कोरॅकॉइड (खवाट्याचेच पुढे आलेले दुसरे टोक) यांना जोडणाऱ्या बंधाच्या ओढीने त्याच्या टोकाशी वयानुसार हाड वाढते. कफही वयानुसारच झिजतो, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. छपरावर घासून कंडरा फाटत असती, तर फाट तिच्या वरच्या पृष्ठावर सुरू व्हायला हवी होती. प्रत्यक्षात अर्धवट फाटी सांध्याकडच्या, म्हणजे खालच्या पृष्ठावर अधिक सापडतात.

रुंदी आणि कल. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील निफेलर आणि सहकाऱ्यांनी छपराचा वाक सोडून त्याची बाहेरची लांबी मोजली. वाटीपासून अंसकुटाच्या कडेपर्यंतचे अंतर भागिले वाटीपासून दंडाच्या डोक्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर, हा त्यांचा निर्देशांक. फाटलेल्या कफमध्ये तो सरासरी ०.७३ आला, धडधाकट खांद्यांत ०.६४. पुढे २०१३ मध्ये झुरिचच्या मूर, गेर्बर आणि सहकाऱ्यांनी याच्यात वाटीचा कलही मिळवून एक कोन सुचवला, क्रिटिकल शोल्डर अँगल. त्यांच्या रुग्णांत तो निरोगी खांद्यात सरासरी ३३ अंश, कफ फाटलेल्यांत ३८ आणि सांध्याची कूर्चा झिजलेल्यांत २८ भरला. साधारण ३५ च्या वर कफचा धोका आणि ३० च्या खाली कूर्चाझिजेचा, असे तेव्हापासून धरले जाते.

यामागचे यंत्रशास्त्र घासण्याचे नसून ओढीचे आहे. अंसकूट बाहेर फार पुढे आलेले असेल, तर डेल्टॉइडचे मधले तंतू दंडावर जवळजवळ सरळ उभे उतरतात. हात उचलायला लागताच ते गोळ्याला वाटीत दाबण्याऐवजी वर खेचतात. हे वर सरकणे रोखायला सुप्रास्पायनेटसला अधिक जोर लावावा लागतो. गेर्बर यांच्या गटाने यंत्रावर केलेल्या प्रयोगात कोन ३३ वरून ३८ केल्यावर हात उचलण्याच्या काही टप्प्यांत हा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढला. उलट अंसकूट आखूड असेल, तर डेल्टॉइड गोळ्यावरून वळसा घेऊन खाली जातो आणि त्याला वाटीत दाबतो. कंडरेला आराम मिळतो, पण दाब कूर्चेवर येतो. एकाच कोनाच्या दोन टोकांना दोन वेगळे आजार का दिसतात, हे यातून उलगडते.

इथे एक बारकावा सुटतो. ३८ अंश दोन वाटांनी येऊ शकतात: छप्पर रुंद असल्याने किंवा वाटी वरच्या दिशेला कललेली असल्याने. वर कललेल्या वाटीवरून गोळा सहज वर घसरतो. अंसकूट तासून त्या वाटीचा कल बदलत नाही.

कोन मोजताना. रुग्णाला असे तिरके उभे करतात, की खवाटा एक्स-रेच्या पाटीला समांतर येईल. त्यासाठी अंग साधारण ३० ते ४५ अंश वळवावे लागते. हात सैल, बाजूला. चित्रात वाटीची पुढची व मागची कड एकमेकींवर आलेली आणि सांध्यातली फट मोकळी दिसली पाहिजे. मग वाटीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकाला एक रेघ आणि त्याच खालच्या टोकापासून अंसकुटाच्या सर्वांत बाहेरच्या, खालच्या बिंदूला दुसरी. दोन रेघांमधला कोन हाच तो. साध्या समोरून काढलेल्या एक्स-रेत वाटी लंबगोल दिसते आणि तिचे खालचे टोक नेमके कुठे धरायचे हे कळत नाही. असे चित्र मोजू नये. खवाटा थोडा जरी पुढे-मागे फिरलेला असला, तरी कोन दोनेक अंशांनी हलतो, आणि निरोगी व फाटलेल्या खांद्यांच्या सरासरीतला फरकच पाच अंशांचा आहे. अंसकुटाच्या कडेला किंवा वाटीच्या खाली हाड वाढले असेल, तर ते वगळून मूळ कड शोधावी लागते.

शिवाय दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत खूप मिसळलेले आहेत. निरोगी खांद्यांतही ३८ अंश सापडतात, फाटलेल्यांतही ३० सापडतात. म्हणून हा कोन एका माणसाचे निदान करत नाही. वय, जुनी दुखापत, धूम्रपान आणि कुटुंबातील प्रवृत्ती यांचाही वाटा असतो, त्यातही वयाचा फार मोठा.

परिणामाला कारण समजण्याची चूकही वारंवार होते. अंसकूट आणि दंडाचे डोके यांत निरोगी खांद्यात साधारण ७ ते १४ मिलिमीटर अंतर असते. ते ६ पर्यंत आले, की ‘जागा कमी आहे म्हणून कंडरा फाटली’ असे सांगितले जाते. बहुधा क्रम उलटा असतो: मोठी फाट पडते, गोळ्याला खाली धरणारे कोणी उरत नाही, तो वर सरकतो. वर्षे गेली की अंसकुटाच्या खालच्या बाजूला त्याच्या दाबाने खोलगट वाटीही कोरली जाते.

हाड तासण्याचे काय. पूर्ण फाट नसलेल्या, दुखऱ्या खांद्यांवर २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंड येथील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत काही रुग्णांचे हाड तासले आणि काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले. त्यांच्यात रुग्णाला जाणवेल एवढा फरक आढळला नाही. कफला टाके घालताना सोबत हाड तासल्यानेही गुणांत ठळक भर पडत नाही. बाहेरची कड सुमारे ५ मिलिमीटर तासली तर कोन दोन-तीन अंश उतरतो. त्याहून जास्त काढले, तर डेल्टॉइडचे मूळच कापले जाण्याचा धोका असतो. टाके न घालता येणाऱ्या प्रचंड फाटीत अंसकूट-कोरॅकॉइड बंध तर कापूच नये. गोळ्याला पुढे-वर निसटण्यापासून अडवणारा तोच शेवटचा अडसर असतो.

एक्स-रेच्या अहवालात ‘आकडेदार अंसकूट’ वाचून घाबरण्याआधी खांदा तपासून घ्यावा. आपण ज्याला सरसकट ‘खांदा आखडला’ म्हणतो त्यात दोन वेगळे आजार मिसळतात. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. कफच्या मोठ्या फाटीत दुसरा माणूस हात सहज वर नेतो, पण सोडताच रुग्णाला तो तिथे धरता येत नाही. दुखापतीशिवाय पडलेल्या पूर्ण फाटींवर आधी व्यायाम देऊन पाहतात: खवाटा स्थिर करणारे, डेल्टॉइडचे आणि उरलेल्या कफचे, साधारण ६ ते १२ आठवडे. अमेरिकेतील ४५२ रुग्णांच्या एका पाहणीत दोन वर्षांत सुमारे एक चतुर्थांश रुग्णच शस्त्रक्रियेकडे वळले, आणि तेही बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. पडल्यानंतर अचानक हात उचलेनासा झाला, तर मात्र थांबू नये. अशी फाट लवकर शिवली तर कंडरा आत ओढली जाण्याआधी आणि स्नायूत चरबी भरण्याआधी हाती लागते.

काही खांद्यांत अंसकुटाचे वेगवेगळे भाग एकमेकांना जुळतच नाहीत. त्याला ओस ॲक्रोमिअली म्हणतात. जुळण्याची क्रिया पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे त्याआधी हे निदान करू नये. हा न जुळलेला तुकडा काखेच्या दिशेने घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसतो, समोरच्या चित्रात सहज निसटतो. तो न ओळखता तिथे हाड तासले, तर सुटा तुकडा आणखी डळमळीत होतो.