चालू मोटारींचाही हिशेब : टिकाऊपणाचा अंदाज बरोबर बसला का, हे आम्ही कसं तपासतो

आपण आमच्याकडे मोटारींची, ठिबकच्या फिल्टरची किंवा केळीच्या रोपांची वही घेऊन येता आणि विचारता, "यावरून गॅरंटी किती महिन्यांची द्यावी?" आम्ही संगणकावर मॉडेल बसवतो आणि एक गुळगुळीत, उतरत जाणारी रेषा आपल्या हातात देतो. त्या रेषेवर पैसे लावण्याआधी आम्हाला काय विचारायचं, हे आपल्याला कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. रेषा कुठल्याही आकड्यांवर बसवता येते. ती खरोखर बसली का, हे पाहणं वेगळं काम आहे. त्याचे पैसे आम्ही बिलात वेगळे लावतो आणि बरेच ग्राहक नेमकं तेवढंच काम वगळायला सांगतात. आमची विनंती आहे, ते वगळू नका.

वहीत न आलेल्या मोटारी

आखाजीला बोअरमध्ये सोडलेली मोटार पोळ्याच्या आत जळाली, तर ती दुकानात येते आणि तिची नोंद होते. त्याच आठवड्यात शेजारच्या शेतात सोडलेली दुसरी मोटार आजही पाणी देते आहे. तिची नोंद कोणी करत नाही, कारण तिची तक्रारच नाही. तिच्याबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक आहे की ती आजपर्यंत तरी टिकली. विहीर आटली म्हणून कोणी मोटार काढून ठेवली, कोणी शेत विकलं, कोणाचा फोन लागत नाही. या मोटारींचंही तसंच. अशा अर्धवट कळलेल्या नोंदीला संख्याशास्त्रात 'सेन्सॉर्ड' नोंद म्हणतात. ती चुकीची नसते, अपुरी असते, आणि अपुरी असली तरी तिच्यात माहिती असते.

समजा, एका विक्रेत्याने दहा मोटारी विकल्या. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) चार जळाल्या, ५, ९, १४ आणि २० महिन्यांनी. तीन मोटारींचा माग ७, १२ आणि १८ महिन्यांनंतर सुटला. उरलेल्या तीन २४ महिने झाले तरी चालूच आहेत. आता, जळालेल्याच मोजल्या तर सरासरी आयुष्य १२ महिने येतं आणि माल भिकार ठरतो. उलट 'दहापैकी चारच जळाल्या' असं धरलं तर २४ महिन्यांनी १०० पैकी ६० मोटारी चालू राहतील असं वाटतं. दोन्ही हिशेब चूक आहेत.

बरोबर हिशेब पायरीपायरीने करायचा. मोटार जळण्याच्या प्रत्येक वेळी 'त्या क्षणी चालू असल्याचं माहीत असलेल्या किती होत्या' हे पाहायचं. पाचव्या महिन्यात दहापैकी एक गेली, नवव्यात आठपैकी एक, चौदाव्यात सहापैकी एक, विसाव्यात चारपैकी एक. म्हणून ९/१० गुणिले ७/८ गुणिले ५/६ गुणिले ३/४, म्हणजे ०.४९. दोन वर्षांनी १०० पैकी सुमारे ४९ मोटारी चालू राहतील. साठ आणि एकोणपन्नास यांतला हा फरक गॅरंटीत बदलून द्याव्या लागणाऱ्या मोटारींचा फरक आहे.

ही पद्धत एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांची, १९५८ सालची. मायर यांची सुरुवात कर्करोगाचे रुग्ण किती काळ जगतात यावरच्या एका जुन्या लेखातून झाली. कॅप्लान बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत समुद्रतळाशी टाकलेल्या केबलमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात ते पाहत होते. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले लेख नंतर एकत्र करून छापले गेले. समुद्राखालची नळी आणि चारशे फुटांवरची सबमर्सिबल यांची अडचण एकच आहे. सहज वर काढून पाहता येत नाही, आणि काढायची वेळ आली की खर्च मोठा.

मॉडेलला त्याच्याच आकड्यांसमोर उभं करणं

कॅप्लान-मायरची रेषा पायऱ्यांची असते. ती फक्त पाहिलेलं सांगते, पुढचं बोलत नाही. पुढचं हवं असेल तर मॉडेल बसवावं लागतं. सगळ्यांत साधं मॉडेल असं की जळण्याचा धोका पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत सारखाच. वरच्या दहा मोटारी मिळून १५७ महिने चालल्या आणि त्यात चार जळाल्या. म्हणजे महिन्याला ४ भागिले १५७, सुमारे ०.०२५५ इतका धोका. या मॉडेलप्रमाणे २४ महिन्यांनी १०० पैकी ५४ मोटारी चालू असतील. पायऱ्यांची रेषा ४९ म्हणते. हा फरक योगायोगाचा, की मॉडेलच चुकलं?

इथे नेहमीच्या चाचण्या जशाच्या तशा चालत नाहीत. काय-वर्ग चाचणीत प्रत्येक कप्प्यात किती घटना पडल्या हे मोजावं लागतं. अठराव्या महिन्यानंतर माग सुटलेली मोटार कुठल्या कप्प्यात टाकणार? कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीचे छापील तक्तेही पूर्ण नोंदींसाठी आहेत. अपुऱ्या नोंदी काढून टाकून कोणी या चाचण्या केल्या असतील, तर तो अहवाल परत करा.

डेव्हिड कॉक्स आणि जॉइस स्नेल यांनी १९६८ साली सुचवलेल्या अवशेषांची तपासणी आम्ही सगळ्यांत आधी करतो. मॉडेलप्रमाणे प्रत्येक मोटारीने आजवर किती धोका 'अंगावर घेतला' हे काढायचं. पाच महिन्यांच्या मोटारीचा ०.१३, नऊच्या मोटारीचा ०.२३, चौदाच्या मोटारीचा ०.३६ आणि वीसच्या मोटारीचा ०.५१. मॉडेल खरं असेल, तर या आकड्यांना एक ठरलेला स्वभाव असतो. त्यांच्यावरून, अपुऱ्या नोंदी अपुऱ्याच धरून, साचत गेलेला धोका पुन्हा मोजला की तो तेवढाच यायला हवा. आलेखावर ती पंचेचाळीस अंशांची तिरपी रेषा होते. आपल्या मोटारींचा पुन्हा मोजलेला धोका येतो ०.१०, ०.२३, ०.३९ आणि ०.६४. सुरुवातीला रेषेच्या थोडा खाली, शेवटी चांगलाच वर. मोटार जुनी होईल तसा धोका वाढतो आहे आणि 'धोका सारखाच' म्हणणारं मॉडेल ते पकडत नाही, असा हा इशारा आहे.

पण चारच मोटारी जळाल्या आहेत, तेव्हा याला इशाराच म्हणायचं, निकाल नाही. ग्रीनवुड यांच्या १९२६ सालच्या सूत्राने ४९ हा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते काढलं, तर तो साधारण १२ पासून ८६ पर्यंत कुठेही असू शकतो. चार जळालेल्या मोटारींवरून कोणी ठामपणे 'मॉडेल बसलं' म्हणत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की मॉडेलला खोटं ठरवण्याइतका पुरावाच वहीत नव्हता. आमच्या अहवालात एकूण मोटारींच्या आकड्याशेजारी जळालेल्या मोटारींचा आकडा ठळक छापलेला असतो, तो यासाठी. हजार मोटारींच्या वहीत सातच जळालेल्या असतील, तर मॉडेल तपासण्याच्या दृष्टीने ती वही सातचीच.

दुसरी तपासणी दुकानदाराला लगेच समजते, कारण ती जमा-खर्चासारखी आहे. प्रत्येक मोटारीच्या नावावर प्रत्यक्षात काय घडलं ते मांडायचं, जळाली तर १ आणि चालू तर ०. त्यातून मॉडेलने धरलेला धोका वजा करायचा. पाचव्या महिन्यात जळालेलीची शिल्लक अधिक ०.८७, चोवीस महिने चाललेलीची उणे ०.६१. यांना मार्टिंगेल अवशेष म्हणतात. वरच्या मॉडेलमध्ये सगळ्यांची बेरीज शून्यच येते. ते मॉडेल बसवण्याच्या रीतीतच आहे, त्यामुळे त्या शून्याला भुलू नये. आम्ही गटवार बेरीज करतो. रावेर-यावलच्या खोल बोअरवाल्यांची शिल्लक सतत अधिक आणि गिरणाकाठच्या उथळ विहिरींवाल्यांची सतत उणे येत असेल, तर खोली मॉडेलमध्ये घ्यायची राहिली आहे.

वाकलेली रेषा काय सांगते

पंपवाल्या ग्राहकांसाठी आमचं आवडतं साधन वायबुलचा आलेख आहे. स्वीडनचे वालोडी वायबुल यांचा याविषयीचा गाजलेला लेख १९५१ सालचा. टिकाऊपणाचे आकडे विशिष्ट मोजपट्टीवर मांडले आणि मॉडेल लागू पडत असेल, तर ठिपके सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ एकपेक्षा कमी असेल तर माल सुरुवातीलाच जातो, म्हणजे जोडणीत किंवा वाइंडिंगमध्ये दोष आहे. एकच्या आसपास असेल तर धोका कधीही सारखाच. एकपेक्षा जास्त असेल तर झीज.

ठिपके कोपरासारखे वाकले की आम्ही ग्राहकाला पहिला फोन करतो. बहुतेक वेळा दोन वेगळी कारणं एकाच वहीत मिसळलेली असतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडल्यामुळे लवकर जळालेल्या मोटारी आणि वाळूमुळे बुश झिजून उशिरा बंद पडलेल्या मोटारी. या दोघींवर एकच रेषा ओढली तर ती दोघींनाही लागू पडत नाही. कारणाचा रकाना असेल तर वही फोडून दोन मॉडेलं करता येतात. एका कारणाने गेलेली मोटार दुसऱ्या कारणाच्या हिशेबात 'त्या दिवसापर्यंत टिकली' अशी अपुरी नोंद होते. म्हणूनच रिवाइंडिंगच्या कार्डावर 'जळाली' एवढंच लिहू नका, कशाने ते लिहा.

दोन गटांची तुलना करायची असेल, जसं साधा स्टार्टर आणि व्होल्टेज बिघडलं की मोटार बंद करणारं पॅनेल, तर आम्ही कॉक्स यांचं १९७२ सालचं मॉडेल वापरतो. त्यात एक गृहीत आहे. दोन गटांतल्या धोक्याचं प्रमाण पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत तेच राहतं. पॅनेलच्या बाबतीत ते बरेचदा टिकत नाही. वाइंडिंग जळण्यापासून पॅनेल वाचवतं, वाळूपासून नाही, त्यामुळे मोटार जुनी झाली की त्याचा फायदा ओसरतो. शोएनफेल्ड यांचे १९८२ सालचे अवशेष (प्रत्येक जळण्याच्या वेळी प्रत्यक्ष आणि मॉडेलची अपेक्षा यांतला फरक) काळानुसार मांडले की हे दिसतं. ते सपाट पसरायला हवेत, तिरपे झाले तर 'पॅनेलमुळे धोका निम्मा' असं एकच वाक्य लिहिणं खोटं ठरेल. आणखी एक सावधगिरी. कॉक्स मॉडेलची पायाभूत रेषा, म्हणजे तुलनेसाठी धरलेला मूळ धोका, आपल्याच आकड्यांतून बनते, म्हणून मघाची पंचेचाळीस अंशांची तपासणी इथे चुकीच्या मॉडेललाही सहज पास करते. तेवढ्यावर आम्ही थांबत नाही.

एआयसी नावाचा आकडा अनेक अहवालांत असतो. दोन मॉडेलांपैकी कुठलं बरं, एवढं तो सांगतो. दोन्ही वाईट असली तरी एक बरं ठरतंच.

नोंद का तुटली, हे आकडे सांगत नाहीत

ही बाब आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वरचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे. ज्यांचा माग सुटला त्यांचं पुढचं नशीब उरलेल्यांसारखंच असेल, ही ती गोष्ट. केळीचं उदाहरण घ्या. टिश्यू कल्चरचं रोप लावल्यापासून निसवण व्हायला, म्हणजे घड बाहेर पडायला, किती दिवस लागतात, हे रोपवाटिकेला हवं असतं. शेतातून रस्ता गेला म्हणून ओळीच्या ओळी तोडल्या, तर हरकत नाही. रस्त्याने झाड सशक्त की अशक्त हे पाहिलेलं नसतं. पण शेतकऱ्याने हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) पडलेली, पिवळी, खुरटलेली रोपं उपटून टाकली, तर मागे जोमदारच राहतात. मॉडेल समजतं की उपटलेलीही त्यांच्याइतक्याच दिवसांत निसवली असती. रेषा देखणी येते, सगळ्या तपासण्यांत पास होते, आणि तरी खोटी असते.

हे नुसत्या आकड्यांवरून ओळखताच येत नाही. अनास्तासियोस सियाटिस यांनी १९७५ साली ते गणिताने दाखवलं आहे. म्हणून आम्ही बांधावर येऊन विचारतो. मग दोन टोकांचे हिशेब करतो. एकात उपटलेलं प्रत्येक रोप कधीच निसवलं नसतं असं धरतो, दुसऱ्यात बाकीच्यांसारखंच निसवलं असतं असं. दोन्ही उत्तरं जवळ आली तर निश्चिंत. लांब गेली तर आपल्याला दोन्ही आकडे मिळतात, मधला नाही.

पाहणी आठवड्याने होत असेल तर तेही सांगा. सोमवारी निसवलेली नव्हती आणि पुढच्या सोमवारी दिसली, म्हणजे निसवण त्या सात दिवसांत कधीतरी झाली. त्याचं गणित वेगळं आहे.

शेपटीवर गॅरंटी नको

सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक चूक झाली, ती इथे सांगणं आम्ही कर्तव्य समजतो. एका उत्पादकाच्या सगळ्यांत जुन्या मोटारी चौदा महिन्यांच्या होत्या. मॉडेल चौदा महिन्यांपर्यंत सुरेख बसलं आणि त्याच रेषेवरून आम्ही छत्तीस महिन्यांचा आकडा दिला. तिसऱ्या वर्षी झिजलेले बुश रांगेने परत आले. तपासण्या खोट्या नव्हत्या, त्यांनी चौदा महिन्यांपर्यंतचंच तपासलं होतं. वरच्या उदाहरणातही साधं मॉडेल ३६ महिन्यांना १०० पैकी ४० मोटारी चालू राहतील असं सांगतं, पण पाहिलेलं चोवीसलाच संपतं. तेव्हापासून आमच्या आलेखात जिथे नोंदी संपतात तिथे उभी लाल रेघ असते आणि तिच्या उजवीकडची रेषा तुटक असते. तुटक भागावर गॅरंटी ठरवायची असेल, तर आमचा सल्ला नाही असाच राहील.

येताना काय आणावं

विक्रीचं बिलबुक हवंच, नुसती दुरुस्तीची वही पुरत नाही. चालू मोटारी बिलबुकातच सापडतात. प्रत्येक मोटारीची बसवल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख आणि कारण. चालू असेल तर शेवटचं कधी कळलं ती तारीख. त्यासाठी पन्नास-शंभर ग्राहकांना फोन करावे लागतील, ते काम आमचा माणूस आपल्या दुकानात बसून करू शकतो. बोअरची खोली आणि स्टार्टरचा प्रकार माहीत असेल तर उत्तम. वहीचे मोबाइलवर काढलेले फोटो चालतील, तारखा वाचता येतील एवढं पाहा. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने एक तारीख टाकू नका. 'दिवाळीच्या आधी, दसऱ्यानंतर' असं लिहिलं तरी ते आम्हाला जास्त उपयोगी पडतं.