मुंबईच्या फोमध्ये चिकन कसे आले

कामावरून घरी जाताना गल्लीतल्या व्हिएतनामी हॉटेलात शिरायचे, एक बोल फो (रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया) मागवायचा आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचे, हे आता मुंबईत अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. बोलमध्ये बहुधा चिकन असते. त्यावर ‘खरा फो बीफचाच, आपल्याकडे मिळते ती तडजोड’ हा शेरा हमखास ऐकू येतो. तो इतिहासाला धरून नाही.

मुळात फो फारसा प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत तो उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात आकाराला आला. तिथली जनावरे प्रामुख्याने शेतीकामाची. फ्रेंच अंमलात गोमांसाची मागणी वाढली, हाडे उरू लागली आणि खांद्यावर कावड घेतलेले फेरीवाले त्यांचा रस्सा विकू लागले. १९३०च्या दशकाच्या शेवटी हनोईत आठवड्यातले दोन दिवस गोमांसाची विक्री बंद असे. त्या दिवसांसाठी चिकन फो निघाला. जुन्या खवय्यांनी नाके मुरडली, पण तो टिकला. १९६०च्या दशकात, युद्धाच्या टंचाईत, सरकारी दुकानांतून बिनमांसाचा फो मिळे; लोक त्याला ‘बिनवैमानिकाचा फो’ म्हणत (वैमानिकाविना विमान, तसा मांसाविना फो). व्हिएतनामच्या फाळणीनंतर, १९५४ साली, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि सायगावात फोच्या जोडीला मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पाने आणि गोडसर सॉस आले. मुंबईत मिळतो तो बहुतांशी याच दक्षिणी वळणाचा.

मुंबईतला वाद मात्र एका कायद्याभोवती फिरतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्यापासूनच होती. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळात मंजूर झाली आणि तब्बल वीस वर्षे राष्ट्रपतींच्या संमतीविना पडून राहिली. २०१५ मध्ये संमती मिळाली; पाच वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड अशी शिक्षा आली. मांस जवळ बाळगणेही गुन्हा ठरले होते. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या मांसापुरते ते कलम न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हशी-रेड्याच्या मांसावर या कायद्याने बंदी घातलेली नाही. म्हणजे फोवाल्यांपुढे रेड्याच्या मांसाचा रस्ता उघडा होता. तरी बरेच जण चिकनकडे वळले. त्यांना पळपुटे म्हणणे अन्यायाचे आहे. बैलाचे मांस कोणते आणि रेड्याचे कोणते, हे बोलकडे बघून ठरत नाही; संशय आला की उत्तर द्यायची वेळ दुकानदारावर येते.

शिवाय फोची ओळख मांसापेक्षा रश्श्यात जास्त आहे. आपण वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजतो तसा इथेही कांदा आणि आले काळे पडेपर्यंत भाजून हाडांबरोबर तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे. पुढचे काम दोन मिनिटांचे: तांदळाच्या शेवया जाळीत घालून उकळत्या पाण्यात बुडवायच्या, वर चिकन, पातीचा कांदा, कोथिंबीर आणि कढत रस्सा. झटपट जेवण म्हणून फो चालतो तो या आधीच्या तासांच्या जोरावर.

२०२२ मध्ये मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने सुरू झाली आणि तिथे खाऊन आलेले गिऱ्हाईक पाल्याची वेगळी ताटली मागू लागले. दुसरीकडे व्हेज आणि जैन फोची मागणी आहे. त्यालाही तिथे आधार आहे: व्हिएतनामी बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि कडक पाळणारे त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. मात्र त्यांच्या शाकाहारी रश्श्यात मुळा, गाजर, आले चालते. जैन बोलमध्ये तेही बाद होते, आणि मग सगळा भार कोबी, मका आणि चक्रीफुलावर येतो.